कुमार गंधर्व : पाच वर्षांच्या मौनानंतरचं गाणं



थोरांची ओळख शिकवताना आपण बहुतेक वेळा जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार आणि मृत्यू अशा ठरलेल्या पायऱ्यांनी जातो. मुलं सनावळ्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण एखाद्या माणसाच्या आयुष्यात मधेच सगळं ठप्प होतं, ज्याच्या जोरावर नाव झालं तेच साधन निकामी होतं, तेव्हा त्याने नेमकं काय केलं, हा भाग आपल्याकडून दोन ओळींत उरकला जातो. खरं तर मुलांना उपयोगी पडणारा भाग तोच असतो. म्हणून आज आपण ज्यांचा जीवनपरिचय पाहणार आहोत, त्यांच्या आयुष्यातल्या त्या थांबलेल्या पाच वर्षांकडे जरा जास्त वेळ बघू या. ते म्हणजे पंडित कुमार गंधर्व.

पेटीवाल्याची बोटं चिरडली किंवा तबलजीचा हात मोडला तर काय होईल, हे मुलांना लगेच कळतं. गायकाचं मात्र वाद्यच शरीराच्या आत असतं. भाता छातीत, तार गळ्यात. तो भाताच एका बाजूने बंद पडला तर? कुमारजींचं तसंच झालं. वयाच्या तेविसाव्या वर्षी, ऐन भरात असताना.

जन्म आणि बालपण

कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी या गावी झाला. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. घरची भाषा कन्नड. वडिलांना गाण्याची आवड होती, त्यामुळे घरात सूर होतेच. पण या मुलाला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. तो लहानपणी एके दिवशी अचानक गायला लागला, आणि तोही साधंसुधं नाही. त्या काळच्या मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या तो जशाच्या तशा गळ्यातून काढायचा. तान, हरकत, ठेका सगळं हुबेहूब.

अशा मुलाचं कौतुक होणारच. एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचं नाव झालं. आजही कित्येकांना वाटतं की कुमार हे नाव आणि गंधर्व हे आडनाव आहे. मुलांना ही गंमत जरूर सांगा. गावोगावी जलसे होऊ लागले, तिकिटं लागू लागली. दहा-अकरा वर्षांचं पोर स्टेजवर बसून मोठ्यांना थक्क करत होतं.

इथे पालकांनी जरा थांबावं असं मला वाटतं. आजकाल टीव्हीवरच्या स्पर्धांमुळे लहान गाणाऱ्या मुलांचं आपल्याला फार अप्रूप वाटतं. छोट्या शिवपुत्राचं गाणं अद्भुत होतं यात शंका नाही, पण ते दुसऱ्यांचं गाणं होतं. आपण काय गातोय आणि का गातोय, हे कळायला त्याला अजून गुरू भेटायचे होते.

मुंबई आणि देवधर मास्तर

१९३६ साली मुंबईत जिना हॉलमध्ये एक संगीत परिषद झाली. तिथे या मुलाचं गाणं गाजलं. त्याच वर्षी तो प्राध्यापक बा. र. देवधर यांच्याकडे शिकायला राहिला. देवधर मास्तर हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात त्यांचं संगीत विद्यालय होतं.

देवधर मास्तरांचं शिक्षक म्हणून वैशिष्ट्य असं, की ते एकाच घराण्याला धरून बसणारे नव्हते. त्यांच्या विद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात, बोलत. विद्यार्थ्याने सगळं ऐकावं, तोलावं आणि मग आपलं काय ते ठरवावं, अशी त्यांची रीत होती. नक्कल करण्यात हुशार असलेल्या मुलाला असाच गुरू हवा होता. भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारजींना मार्गदर्शन मिळालं. विशी गाठेपर्यंत ते त्याच विद्यालयात इतरांना शिकवूही लागले होते.

१९४७ साली त्यांचं लग्न भानुमती कंस यांच्याशी झालं. त्याही देवधरांच्या विद्यालयात गाणं शिकलेल्या. देश स्वतंत्र झाला होता, नाव झालं होतं, संसार सुरू होत होता. आणि खोकला सुरू झाला.

क्षय

निदान झालं क्षयरोगाचं. आजच्या मुलांना, आणि तरुण पालकांनाही, त्या काळी या शब्दाचा धाक काय होता हे सांगावं लागतं. क्षयावर नेमकं औषध तेव्हा हाताशी नव्हतं. कोरडी हवा, पूर्ण विश्रांती, दूध-अंडी असा सकस आहार, एवढाच इलाज. ऐपत असलेले लोक मिरजेला नाहीतर पाचगणीला आरोग्यधामात जाऊन राहत. अनेक घरांत तर रोगाचं नावही मोठ्याने घेत नसत. रोग्याची भांडी वेगळी, खोली वेगळी.

मुंबईची दमट हवा चालणार नव्हती. म्हणून माळव्यातलं देवास हे गाव ठरलं. ३० जानेवारी १९४८ रोजी कुमारजी देवासला राहायला आले. ती तारीख आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे ती वेगळ्या कारणाने. त्याच संध्याकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. एकीकडे देश सुन्न, दुसरीकडे परक्या गावात आलेला एक आजारी तरुण गायक, ज्याला डॉक्टरांनी गायला बंदी केली होती.

आपल्या खानदेशातल्या वाचकांसाठी देवास काही फार लांब नाही. मुंबई-आग्रा रस्ता आपल्या धुळ्यावरूनच जातो. धुळं सोडलं की तापी ओलांडायची, शिरपूर मागे टाकायचं, सेंधव्याचा घाट, मग खलघाटला नर्मदा, मग इंदूर. इंदूरच्या पुढे त्याच रस्त्यावर देवास लागतं. गावाच्या मधोमध टेकडी, टेकडीवर देवीचं ठाणं. पवार या मराठा घराण्याचं तिथे राज्य होतं, त्यामुळे मराठी कुटुंबं होती. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखे गवई त्याच गावात राहत होते. म्हणजे हवा कोरडी असली तरी गाव सुरांच्या बाबतीत कोरडं नव्हतं.

घर कोणी चालवलं?

हा प्रश्न आपण थोरांच्या चरित्रात क्वचितच विचारतो. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याची मिळकत पूर्णपणे बंद, कारण ती गाण्यावरच होती. औषधपाणी, दूध, भाडं हे सगळं यायचं कुठून?

भानुमतीबाईंनी देवासला शाळेत नोकरी धरली. दिवसा शाळा, घरी आल्यावर रोग्याची सेवा. संसर्गाची भीती होती, तरी त्या हटल्या नाहीत. त्या स्वतः गायिका होत्या हे विसरू नका. मैफलीत बसण्याची योग्यता असलेल्या बाईने फळा-खडू हातात घेतला आणि त्या पगारावर पुढची वर्षं निघाली. इंदूरच्या रामूभैया दाते यांच्यासारख्या रसिक मित्रांचाही आधार होता.

आपण शिक्षक आहोत म्हणून ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. कुमार गंधर्व पुन्हा गायले, यामागे एका शिक्षिकेचा महिन्याचा पगार आहे. जिद्द वगैरे सगळं खरं, पण जिद्दीलाही दोन वेळचं जेवण लागतं आणि अंगावर ताप असताना कपाळावर हात ठेवणारं कोणीतरी लागतं. मुलांना नुसती जिद्द शिकवली आणि हे सांगितलं नाही, तर पुढे अडचणीत आलेल्या मुलाला वाटेल की आपल्यातच काही कमी आहे.

कान उघडे होते

गायला मनाई होती, ऐकायला नव्हती. आणि विचार करायलाही नव्हती.

खाटेवर पडल्या पडल्या बाहेरून सूर यायचे. बाजाराला निघालेल्या खेड्यातल्या बाया गात जायच्या. लग्नाची गाणी, सणांची गाणी, पावसाची गाणी. निर्गुणी भजनं म्हणणारे नाथपंथी जोगी दारावरून जायचे. आपल्यापैकी कितीजण अशा गाण्याला गाणं म्हणतात? शास्त्रीय संगीत शिकलेला माणूस तर पूर्वी त्याकडे ढुंकूनही बघत नसे. पण कुमारजींकडे आता वेळच वेळ होता. त्यांनी ते गाणं विद्यार्थ्यासारखं ऐकलं.

ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं, की या धुना तीन-चार सुरांतच फिरतात. कोणी त्या शिकवत नाही, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्या टिकून आहेत. आणि त्या तीन-चार सुरांच्या हालचालीत रागाचं बी दडलेलं आहे. राग आकाशातून पडले नाहीत, ते या मातीतल्या धुनांतून उगवले असले पाहिजेत. हा विचार त्यांनी तिथे थांबवला नाही. पुढे त्यांनी माळव्याची लोकगीतं गोळा केली, स्वरलिपीत उतरवली आणि काही धुनांमधून नवे राग उभे केले. त्यांना त्यांनी धुनउगम राग म्हटलं. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मघवा ही त्यांतली काही नावं.

गंमत बघा. साधारण त्याच काळात इकडे आपल्या जळगावात बहिणाबाई चौधरी होत्या. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्यांच्या तोंडून गाणी निघत होती आणि त्याला कोणी साहित्य म्हणत नव्हतं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा अवघा महाराष्ट्र चकित झाला. खानदेशातल्या बाईची ओवी काय आणि माळव्यातल्या बाईची धून काय, ऐकणारा कान भेटला की तिचं मोल कळतं. कुमारजींचा तो कान आजारपणात तयार झाला.

पण इथे एक गल्लत होऊ देऊ नका. आजार झाला म्हणून बरं झालं, असं मुलांना कधीही सांगू नये. क्षयाने त्यांना काही दिलं नाही, घेतलंच. ज्या वेळाचं त्यांनी सोनं केलं, तो वेळ भानुमतीबाईंनी आणि मित्रांनी त्यांना मिळवून दिला होता.

औषध आलं

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, मातीतल्या सूक्ष्मजीवापासून. १९५२ मध्ये वाक्समन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. कुमारजींच्या उपचारातही हे औषध आलं आणि ते हळूहळू बरे होऊ लागले. जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळपास निकामी झालं ते झालंच.

म्हणजे आता हिशेब असा होता. गायक तोच, डोक्यातलं गाणं पूर्वीपेक्षा मोठं, आणि श्वास निम्मा.

पुन्हा मैफल

१९५३ मध्ये कुमारजी पुन्हा श्रोत्यांसमोर गायला बसले. लोक आले होते ते त्या जुन्या चमत्कारी मुलाला ऐकायला. समोर जे बसलं होतं ते वेगळंच होतं.

लांबलचक आलाप, एका श्वासात चाललेली तान, हे आता झेपणारं नव्हतं. त्यांनी ते ओढूनताणून करून दाखवलं नाही. त्यांच्या गाण्यात छोटे छोटे स्वरसमूह आले. एखादा सूर एकदम उंच, टोकदार, भाल्यासारखा लागायचा आणि मग थांबणं. त्या थांबण्यात तानपुरे बोलायचे. म्हणून तानपुरे अगदी काटेकोर जुळलेले लागत. कुमारजींचं तानपुरे जुळवणं हीच एक मैफल असे, असं जुने रसिक सांगतात. ज्या जागी श्वास संपतो ती जागा लपवायची नाही, तिलाच गाण्याचा भाग करायचा, असा हा मार्ग होता.

हे सगळं एका फुप्फुसामुळे झालं, असं म्हणणं सोपं आहे पण अपुरं आहे. दोन्ही फुप्फुसं धड असती तरी पाच वर्षं विचार केलेला माणूस पहिल्यासारखा गायला नसता. घराण्याची चाकोरी त्यांनी मानली नाही. बंदिशीतल्या शब्दांचा भाव, ऋतू, लोकधून हे सगळं त्यांना ख्यालात हवं होतं. जुन्या वळणाच्या पुष्कळ लोकांनी टीका केली. हे शास्त्राला धरून नाही, असे आक्षेप आले. कुमारजी गात राहिले.

लहानपणी जो दुसऱ्यांचं गाणं हुबेहूब गात होता, तो आता कोणासारखाच गात नव्हता. पूर्वीच्या स्वतःसारखासुद्धा नाही. मला वाटतं, त्यांच्या परत येण्याचा अर्थ हाच आहे.

दोन बोटांचा गिटारवादक

हीच गोष्ट दूर युरोपात एका वादकाच्या हाताची झाली. मोठ्या वर्गातल्या मुलांना ती सांगता येईल. जँगो राइनहार्ट हा १९१० मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेला, भटक्या रोमा समाजातला गिटारवादक. आपल्याकडच्या तांड्यासारखंच गाड्यांमधून फिरणारं बिऱ्हाड. २ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री पॅरिसजवळ त्याच्या गाडीला आग लागली. तो वाचला, पण डावा हात होरपळला आणि करंगळी व तिच्याशेजारचं बोट कायमचं आखडलं. गिटारवादकाचा डावा हात म्हणजे सूर शोधणारा हात. सुमारे दीड वर्ष तो अंथरुणावर होता. भावाने गिटार आणून दिली. त्याने मोडक्या बोटांकडून जुनं वादन वसूल करण्याचा हट्ट सोडला आणि उरलेल्या दोन बोटांनी वाजवायची नवी पद्धत बसवली. आखडलेली बोटं जिथे कामी येतील तिथे तीही वापरली. १९३४ पासून पॅरिसमधल्या त्याच्या वाद्यवृंदाने युरोपात नाव काढलं. जँगो १९५३ मध्ये गेला. त्याच वर्षी इकडे कुमारजी पुन्हा मैफलीत बसत होते.

आपल्याकडेही कुमारजींच्या आधीचं उदाहरण आहे. उस्ताद अल्लादिया खाँ यांचा आवाज अतिगायनाने बसला होता. तो परत आला तेव्हा पूर्वीचा नव्हता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला शोभेल अशी पेचदार गायकी घडवली. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी ते गायले आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्या त्यांनी तयार केल्या.

नंतरचं आयुष्य

बरे झाल्यावरही कुमारजी मुंबईला परतले नाहीत. देवास हेच त्यांचं गाव झालं. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे, त्याचं नाव भानुकुल. १९५६ मध्ये मुलगा मुकुल याचा जन्म झाला. १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात भानुमतीबाई गेल्या. ज्यांनी मरणाच्या दारातून नवऱ्याला परत आणलं, त्यांना पुढचा मोठा काळ बघायला मिळाला नाही. चरित्रातला हा भाग वर्गात सांगताना घाई करू नका.

१९६२ मध्ये वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या स्वतः उत्तम गायिका होत्या आणि पुढची तीस वर्षं मैफलीत त्यांच्या सुरांची साथ कुमारजींना मिळाली. मुलगी कलापिनी आणि मुलगा मुकुल हे दोघेही गाण्यातच आले.

१९६५ मध्ये त्यांच्या बंदिशींचं पुस्तक अनूपरागविलास प्रसिद्ध झालं. पावसाच्या गाण्यांचा गीतवर्षा, कबीर-सूरदास-मीरा यांच्या पदांचा त्रिवेणी, कवी भा. रा. तांबे यांच्या कवितांवरचा तांबे गीतरजनी, बालगंधर्वांच्या पदांवरचा मला उमजलेले बालगंधर्व असे कार्यक्रम त्यांनी केले. दारावरच्या जोग्यांकडून ऐकलेली निर्गुणी भजनं त्यांच्या आवाजात देशभर पोहोचली. आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वेळी, १९६९ मध्ये, त्यांनी गांधी मल्हार हा राग रचला. देवासला आल्याची तारीख आठवली ना?

१९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास इथेच त्यांचं निधन झालं. २०१४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं. डॉक्टरांनी गायला बंदी केलेला माणूस त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं गायला.

आपल्या शाळेसाठी

आता मुद्द्याचं. हे चरित्र सांगून झाल्यावर आपण काय करायचं?

आपल्या वर्गातही मधेच थांबलेली मुलं असतात. हाताला प्लास्टर घातलेलं मूल, सिकलसेलमुळे वरचेवर गैरहजर राहणारं मूल, आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेलं आणि सहा महिन्यांनी वर्गात येऊन बसलेलं मूल. अशा मुलाला आपण पहिलं वाक्य काय म्हणतो? बहुतेक वेळा किती मागे पडलास, असंच काहीतरी. आणि घरी पालक म्हणतात की पूर्वी किती छान अक्षर होतं तुझं. दोघांचाही हेतू चांगला असतो, पण मुलाच्या मनात एकच बसतं, की आपण पूर्वीसारखे झालो तरच चालेल.

त्याऐवजी असं करून बघा :

१. परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी अभ्यास विचारू नका, काय पाहिलं-ऐकलं ते विचारा. ऊसतोडीच्या तळावर सहा महिने राहिलेल्या मुलाला बैलांबद्दल, मापाबद्दल, पहाटेच्या थंडीबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्याचा पहिला धडा तिथून लिहून घ्या.

२. ज्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे त्याचं उत्तर तोंडी घ्या, किंवा शेजारच्याने लिहावं. हात बरा झाल्यावर अक्षर बदललेलं असेल तर काही बिघडत नाही.

३. रोज परिपाठानंतर २ मिनिटं डोळे मिटून ऐकायला लावा. काय काय ऐकू आलं ते मुलांनी सांगावं. चिमण्या, पंप, रस्त्यावरची गाडी, पोळ्या थापल्याचा आवाज. ऐकणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, हे मुलांना नव्याने कळतं.

४. आजीकडून एक गाणं गोळा करून आणायचं. आखाजीला झोक्यावर म्हणायचं, कानबाईचं, जात्यावरचं, लग्नातलं, कुठलंही. अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहायचं, सुधारायचं नाही. आजीचं नाव खाली लिहायचं.

५. नकाशात मुंबई, नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, देवास ही गावं जोडायला सांगा. नकाशावाचन होतं आणि आपल्या दारातला रस्ता कुठे जातो हेही कळतं.

आणि क्षयरोगाबद्दल मुलांशी मोकळेपणाने बोला. आज औषधं उपलब्ध आहेत. साध्या क्षयावर सहसा ६ महिन्यांचा उपचार पूर्ण केला की रुग्ण बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. तरीही घरात क्षयाचा रुग्ण आहे हे मुलं लपवतात. कुमार गंधर्वांनाही हाच रोग झाला होता, एवढं एक वाक्य वर्गात सहज बोललं गेलं तरी एखाद्या मुलाचं ओझं हलकं होईल.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

१. कुमार गंधर्व यांचं मूळ नाव काय?
२. देवासला राहायला जाण्याचं कारण काय होतं?
३. आजारपणात त्यांनी कोणकोणतं गाणं ऐकलं? त्याचा त्यांना पुढे काय उपयोग झाला?
४. भानुमतीबाईंनी घर कसं सांभाळलं? तुमच्या घरी कोणी आजारी पडलं तर कोण कोणतं काम करतं?
५. आजारानंतरचं त्यांचं गाणं पूर्वीपेक्षा वेगळं का झालं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

शेवटच्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. म्हणून त्याला गुण देऊ नका, नुसतं वाचा. आणि जमलं तर हा पाठ घेण्याआधी वर्गात मोबाईलवर कुमारजींचं एखादं निर्गुणी भजन लावा. मुलं आधी हसतील, हा काय आवाज म्हणून एकमेकांकडे बघतील. हसू द्या. मग त्यांना एवढंच सांगा, की गाणारा माणूस एकाच फुप्फुसावर गातोय, आणि तेच भजन पुन्हा एकदा लावा.